दिलेलं लेकरू

लातूरजवळच्या मुरुडमध्ये, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत सिंधूची पिठाची गिरणी आहे. बायका सकाळी डबे आणून ठेवतात, झाकणावर खडूनं नाव लिहितात आणि कामाला जातात. कुणाला ज्वारी बारीक लागते, कुणाच्या घरी दात नसलेलं म्हातारं माणूस आहे, हे सिंधूला विचारावं लागत नाही. तोंडाला रुमाल, भुवयांवर पीठ आणि बोलणं मोजकं. गिरणीच्या आवाजात जास्त बोलायची सोयही नसते.

तिची एक गोष्ट मात्र बायकांच्या ध्यानात आलेली आहे. दळणाला आलेल्या एखादीनं कडेवरचं तान्हं पुढं करून "जरा धर गं" म्हटलं, तर सिंधू लेकराला हात लावत नाही. हात पिठाचे आहेत म्हणते आणि त्या बाईचा डबाच उचलून देते. आणि आठ-नऊ वर्षांचा पोरगा आईबरोबर आला, तर तो कितवीत आहे ते विचारते. तेवढंच विचारते, पुढं काही नाही. बायकांना त्याचं नवल वाटत नाही. सिंधूचं दुसरं बाळ नांदेडला जन्मलं आणि तिथंच गेलं, हे गल्लीला माहीत आहे. त्या वेळी याच बायकांनी आठ दिवस तिच्या घरी भाकरी-पिठलं पोचवलं होतं.

बाळ गेलं नव्हतं. सिंधूनं ते दिलं होतं.

सिंधूचं माहेर नांदेडचं. एकविसाव्या वर्षी ती मुरुडच्या अमरेशला दिली. अमरेश मोटारी भरायचा, म्हणजे शेतातल्या जळालेल्या मोटारींची तांब्याची तार उकलून नवी गुंडाळायचा, आणि जोडीला लाईट फिटिंगची कामं घ्यायचा. घरात सासू मल्लम्मा होती. ती निलंग्याकडची, बोलण्यात कानडी मिसळलेली, तिला सगळे अव्वा म्हणत. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी अक्षरा झाली. त्यानंतर सात वर्षं पाळणा हलला नाही. लातूरचे दवाखाने झाले, अव्वानं सोमवार धरले, आणि सगळ्यांनी आशा सोडल्यावर सिंधूला दिवस गेले. अमरेशनं त्या दिवशी दुकान अर्ध्यावर बंद करून पेढे आणले होते.

पोळ्याच्या आधल्या आठवड्यात तो रेणापूर रस्त्याला एका गोदामाची लाईट करायला गेला. पत्र्यावर चढला, पत्रा जुना होता. वीस फुटांवरून तो फरशीवर पाठीवर पडला. लातूरला मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सिंधूला बाजूला घेऊन सांगितलं की जीव वाचला आहे, पण हा माणूस पुन्हा उठून बसेल असं धरून चालू नका. सिंधूला तेव्हा पाचवा महिना सरत होता.

घरी खाट आली, लघवीची नळी आली, पाठीला जखमा झाल्या. दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागे. अव्वाचे गुडघे गेलेले, तिच्याच्यानं ते व्हायचं नाही. गल्लीतल्या धुरपताबाईंची गिरणी होती, त्यांनी सिंधूला कामावर घेतलं. सिंधू दळण टाकायची, धावत घरी यायची, नवऱ्याची कूस बदलायची, परत धावत जायची. पोट पुढं येत होतं आणि गिरणीच्या धक्क्यानं रात्रंदिवस अंग थरथरल्यासारखं वाटायचं.

कार्तिकातल्या एका दुपारी ती नेहमीपेक्षा लवकर घरी आली. अव्वा बाहेर ओट्यावर लवंडली होती. आत अक्षरा शाळेच्या कपड्यांत बापाच्या खाटेजवळ उभी होती. अमरेशची चादर खराब झाली होती आणि ती सात वर्षांची पोर, ओठ घट्ट मिटून, स्वतःच्या जुन्या फ्रॉकनं त्याला पुसत होती. अमरेशनं आपल्या डोळ्यांवर आडवा हात घेतलेला होता. सिंधूनं विचारलं तेव्हा कळलं की पोरगी महिनाभर मधल्या सुट्टीतच घरी पळून येते आणि परत शाळेत जात नाही. "तू नसतीस ना घरी," अक्षरा म्हणाली. तिनं तक्रार केली नव्हती, फक्त कारण सांगितलं होतं.

येणारं लेकरू या पोरीच्याच अंगावर पडणार, हे त्या दुपारी सिंधूला दिसलं. ती शाळा सोडेल, एका हातानं बाप सांभाळेल आणि दुसऱ्या हातानं भाऊ किंवा बहीण. पुढच्या तपासणीला गेल्यावर तिनं सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरला दबक्या आवाजात विचारलं, की जन्मलेलं लेकरू कुणी रीतसर घेतं का. सिस्टर तिच्याकडं बघतच राहिली. मग तिनं नांदेडच्या एका शिशुगृहाचा नंबर लिहून दिला.

माहेरी जाते असं सांगून सिंधू नांदेडला गेली. फक्त भाऊ श्रीमंत याला तिनं खरं सांगितलं. शिशुगृहात पुनम मॅडम नावाच्या कार्यकर्त्या होत्या. त्यांनी तिला चहा दिला, आणि पहिल्यांदा हे सांगितलं की बाळ जन्मण्याआधी कुणीही तिच्याकडून सही घेणार नाही, घेतली तर ती चालत नाही. जन्मल्यावर नवरा-बायको दोघांनी बालकल्याण समितीपुढं यायचं. सही केल्यावरही साठ दिवसांची मुदत असते. तेवढ्या दिवसांत मन बदललं तर बाळ परत मिळतं, त्यानंतर नाही. मग त्यांनी आणखी एक सांगितलं. घरची अडचण कायमची नसेल, तर वर्ष-दोन वर्षं बाळाची सोय होऊ शकते, सरकारची मदतही मिळू शकते, अर्ज आम्ही भरून देऊ. तुमचं लेकरू तुमचंच राहील.

सिंधूनं मान हलवली. विचार करते म्हणाली. परतीच्या बसमध्ये तिनं खिडकीला डोकं टेकलं आणि तिला एवढंच कळत होतं की आपण थकलो आहोत. वर्षभरानं, दोन वर्षांनी तरी काय होणार होतं? खाट तिथंच असणार होती. आणखी एका जिवाचं धुणं-पुसणं, आणखी एकाचं रडणं तिला नको होतं. पुढं कितीतरी वर्षं तिनं स्वतःला सांगितलं की मी अक्षरासाठी केलं. ते खोटं नव्हतं. पण बसमधली ती थकलेली बाईही खोटी नव्हती, आणि पोटच्या लेकरापुढं थकवा हे कारण इतकं लहान दिसायचं की ते तिला कधी तोंडातून काढता आलं नाही.

अमरेशला तिनं दुपारी सांगितलं, त्याच्या पाठीच्या जखमेला मलम लावताना. वेळ तिनं निवडून काढली होती, कारण तेव्हा त्याचं तोंड भिंतीकडं असायचं. लेकरू चांगल्या घरी जाईल, शिकेल, आपल्याच्यानं होणार नाही, असं सगळं ती बोलली. वर्ष-दोन वर्षांच्या सोयीचं मात्र बोलली नाही.

"तुला जमंल तसं कर," तो म्हणाला. "मी काय, पडलेला माणूस."

सिंधूनं याला होकार धरलं. तो होकार नाही हे तिला तेव्हाही कळत होतं.

संक्रांतीच्या आधी नांदेडच्या सरकारी दवाखान्यात मुलगा झाला. चार दिवस तो तिच्याजवळ होता. पाचव्या दिवशी श्रीमंतनं मुरुडहून जीप केली आणि अमरेशला मागच्या सीटवर गादी टाकून, हाडांच्या डॉक्टरला दाखवायला नेतो असं अव्वाला सांगून नांदेडला आणलं. बाळ बघणार का म्हणून पुनम मॅडमनी त्याला विचारलं. तो म्हणाला, नको, बघितलं तर सही होणार नाही.

समितीच्या लोकांनी दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, मग एकत्र विचारलं. तुमच्यावर कुणाची जबरदस्ती आहे का, असा शेवटचा प्रश्न होता. अमरेशनं सिंधूकडं पाहिलं, मग समोरच्या माणसांकडं.

"न्हाई," तो म्हणाला, आणि स्ट्रेचरवर पडल्या पडल्या पॅड छातीवर धरून त्यानं सही केली.

कागद गोळा करताना एका बाईंनी सहज विचारलं, बाळाला काही नाव सुचवायचं आहे का, नाहीतर संस्था ठेवेल. सिंधूनं मानेनं नाही म्हटलं. त्याच वेळी अमरेश म्हणाला, "शिवांश." बाईंनी लिहून घेतलं. सिंधू त्याच्याकडं बघत राहिली. चार महिने ती रोज त्याला भरवत होती, पुसत होती, कुशीवर वळवत होती, आणि भिंतीकडं तोंड करून पडलेल्या या माणसानं मनात लेकराचं नाव ठेवून ठेवलं आहे, याचा तिला पत्ता नव्हता.

बाळ राहिलं नाही, असा फोन श्रीमंतनं मुरुडला केला. सिंधू घरी आली तेव्हा अव्वानं तिला पोटाशी धरलं आणि कानात विचारलं, "माती देण्याआधी लिंग बांधलं व्हतं का गं?" लिंगायताच्या लेकराच्या गळ्यात इष्टलिंग नसताना त्याला पुरलं तर त्या जिवाचं काय होणार, ही तिला काळजी. सिंधूनं हो म्हटलं. स्वामी आले होते, त्यांनी बांधलं, लिंगायतांच्या स्मशानात माती दिली. एका खोट्याला दहा खोट्यांचे टेके लागत गेले. कशानं गेलं, तर गारठ्यानं. शेजारणी भाकरी घेऊन येत, जवळ बसत, तिला दोन घास बळंच खायला लावत. दूध आटेपर्यंत पदर ओला व्हायचा आणि बायका तो बघून डोळे पुसायच्या. लोकांच्या सांत्वनाची ती भाकरी सिंधूच्या घशाखाली उतरत नसे आणि ताटात टाकूनही देता येत नसे.

शिवरात्रीला अव्वा अक्षराला घेऊन देवळात गेली होती. अमरेशचाही उपास होता. सिंधू त्याला चमच्यानं भगर भरवत होती.

"अजून दोन दिवस हायेत," तो म्हणाला.

कशाचे, हे तिनं विचारलं नाही. तीही मोजत होती.

"श्रीमंत जीप करून दिल. मी पडल्या पडल्या पाळणा हालवंन. हात तर हायेत माझे."

सिंधूनं चमचा वाटीत ठेवला, परत भरला, त्याच्या तोंडापुढं धरला. "पाठीची जखम भरू द्या आधी," ती म्हणाली. त्यानं घास घेतला. नंतर त्या विषयावर अमरेश एकदाही बोलला नाही. साठाव्या दिवशी तिनं सकाळपासून अंधार पडेपर्यंत गिरणी चालवली. धुरपताबाई म्हणाल्या, बाळंतीण आहेस, घरी जा. ती गेली नाही.

आणि मग घर सावरायला लागलं. दुसऱ्या दिवाळीला अमरेशच्या जखमा भरल्या. लातूरच्या एका शिबिरात त्याला चाकाची खुर्ची मिळाली, कमरेचा पट्टा मिळाला, बसायचं कसं हे एका पोरीनं शिकवलं. तिसऱ्या वर्षी त्यानं बसक्या उंचीचं टेबल करून घेतलं आणि पुन्हा मोटारी भरायला घेतल्या. पायांत जीव नव्हताच, पण त्याचे हात पहिल्यासारखे चालत. आजूबाजूच्या खेड्यांतून शेतकरी मोटारी घेऊन त्याच्याकडंच यायला लागले. धुरपताबाई थकल्या, त्यांनी गिरणी सिंधूच्या हवाली केली. अक्षराची शाळा एक दिवस बुडत नव्हती.

लोक म्हणत, सिंधूचे दिवस पालटले. सिंधूला प्रत्येक चांगला दिवस जाब विचारल्यासारखा वाटे. अमरेश खुर्चीवर बसून अक्षराच्या वह्यांना कव्हर घालायचा, आणि तिच्या मनात यायचं, ह्याच्या मांडीवर तीन वर्षांचं पोरगं मावलं असतं. दोन वर्षं कळ काढायची होती. दोनच वर्षं. अमरेश तिला कधी काही बोलला नाही. तो भांडला असता, एकदा तरी शिव्या दिल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं. अव्वा चौथ्या वर्षी वारली. जाईपर्यंत ती दर श्रावणात एक लेकरू जेवायला घालायची आणि म्हणायची, तो असता तर आता एवढा असता. सिंधू त्या लेकरांना वाढायची.

सगळ्यांत अवघड अक्षराचं होतं. ती नऊ वर्षांची असताना मामाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला दोघी नांदेडला गेल्या. तिथं तिनं हट्ट धरला की मला भावाला बघायचं. सिंधूनं उद्या म्हटलं, परवा म्हटलं, शेवटी पोरीच्या डोळ्यांतलं पाणी बघून तिला लिंगायत स्मशानभूमीत घेऊन गेली. आत आल्यावर काय करावं ते तिला सुचेना. कंपाऊंडच्या भिंतीला लागून एक लहानसा उंचवटा होता, वर दगड नाही, नाव नाही. तिनं बोट दाखवलं. अक्षरानं चप्पल काढली, गुडघ्यावर बसली, आणि पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून तिथं ठेवला. तो लाडू तिनं मुरुडहून आणलेला होता. नंतर नांदेडला जाणं झालं की ती तिथं जायची. एकदा ती त्याच्यासाठी रंगीत खडूही ठेवून आली. ती माती कुणाच्या लेकराची होती, सिंधूला ठाऊक नव्हतं. कुण्या दुसऱ्याच आईचं रडणं आपण चोरलं, असं तिला वाटत राहिलं.

अक्षरा दहावीला तालुक्यात वरच्या नंबरात आली. डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला अकरावीला गेली, तिथंच वसतिगृहात राहिली. बारावीच्या वर्षी एका रविवारी ती गिरणीवर आली. एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीचा अर्ज होता, पालकांची सही हवी होती. सिंधूनं हात झटकले, पदराला पुसले आणि कागद हातात घेतला. तुम्हाला डॉक्टर का व्हायचं आहे, असा प्रश्न होता. खाली अक्षराच्या नीटस अक्षरात लिहिलं होतं की माझा भाऊ जन्मला आणि थंडीनं गेला, त्याला वेळेवर कुणी बघितलं नाही. मी सात वर्षांची होते. तान्ह्या बाळांची डॉक्टर व्हायचं मी तेव्हाच ठरवलं.

सिंधूनं ते दोनदा वाचलं. मग खटका पाडला. पट्टा सावकाश थांबला. दोन बायका डबे घेऊन बसल्या होत्या, त्यांना तिनं उद्या या म्हणून सांगितलं आणि अक्षराला मागच्या खोलीत नेलं. तिथं पोत्यांवर दोघी समोरासमोर बसल्या, आणि सिंधूनं नऊ वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं. सांगताना ती रडली नाही. आपण रडलो तर पोरगी आपल्यालाच समजावत बसेल, याची तिला भीती होती.

अक्षरानं ऐकून घेतलं. बराच वेळ कागदाची कड दुमडत राहिली.

"मंग नांदेडला मी कुणाला लाडू ठेवत व्हते?"

"मला म्हाईत न्हाई," सिंधू म्हणाली.

"पप्पाला हे म्हाईत हाय?"

"हाव."

सिंधूनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझी शाळा सुटली असती गं. तुला बघून मी…"

अक्षरानं तो हात उचलून बाजूला ठेवला. "माझ्या नावावर टाकू नको, मम्मी. मी सात वर्षांची व्हते. मला इचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मी सांभाळते."

"म्हणूनच न्हाई इचारलं," सिंधू म्हणाली, पण अक्षरा उठली होती.

अर्ज तिथंच पोत्यावर राहिला. संध्याकाळच्या बसनं ती लातूरला गेली. पुढचे बावीस दिवस तिनं आईला फोन केला नाही. बापाला करायची. अमरेश फोन कानाला लावून हं, हं म्हणायचा आणि ठेवल्यावर सिंधूला सांगायचा की जेवलीय, पेपर चांगला गेला. तेविसाव्या दिवशी फोन सिंधूच्या नंबरवर आला. "नांदेडला जायचंय," अक्षरा म्हणाली. "खऱ्या ठिकाणी."

अमरेशला चल म्हटलं तर तो म्हणाला, मी एकदा गेलो होतो तिथं, आता तुम्ही जा.

पुनम मॅडम अजून तिथंच होत्या, केस पिकले होते. त्यांनी जुनी फाईल काढली, पण टेबलावर उघडी ठेवली नाही. मुलगा त्याच वर्षी रीतसर दत्तक गेला, नंतरची दोन वर्षं त्याच्या घरी जाऊन पाहणी झाली, सगळं चांगलं होतं. गाव, नाव, यातलं काहीही सांगता येणार नाही. तो आता त्या घरचा आहे. अक्षरानं विचारलं, आम्ही कधीच भेटू शकणार नाही का? त्या म्हणाल्या, तुम्ही त्याला शोधायचं नाही. पण मोठा झाल्यावर त्यानं विचारलं, आणि तुमची नावं सांगायला तुमची हरकत नसली, तर सांगता येतात. तशी लेखी संमती देऊन ठेवा. एखादं पत्रही फाईलला लावता येईल. तो विचारेलच असं मात्र समजू नका.

"विचारत आला, तर भेटायची तयारी आहे?" त्यांनी सिंधूला विचारलं.

"शिव्या द्यायला आला तरी भेटंन," सिंधू म्हणाली.

पत्र लिहायला तिला दुपार लागली. सातवी शिकलेली बाई, नावं आणि वजनं सोडून वर्षानुवर्षं काही लिहिलेलं नव्हतं. अक्षरा बाहेर बाकावर बसली होती. सिंधूनं आधी अडचणींचं लिहिलं, पत्रा, खाट, जखमा. ते वाचून पाहिलं तर ते अर्जासारखं दिसत होतं. तिनं तो कागद फाडला. दुसऱ्या कागदावर लिहिलं, "तुझे पप्पा तुला ठेवू म्हणत होते. मुदतीत दोन दिवस बाकी असताना म्हणाले. मी नको म्हटलं. तुला थोडे दिवस इथं ठेवून परत न्यायची सोय होती, ती मी त्यांना सांगितली नाही. मी थकले होते. तुझ्या बहिणीला हे आत्ता कळलं, तिचा यात दोष नाही. शिवांश हे नाव तुझ्या पप्पांनी ठेवलेलं." खाली सही केली आणि मुरुडचा पत्ता घातला.

पुनम मॅडमना देण्याआधी तिनं ते अक्षराला वाचायला दिलं. अक्षरानं वाचलं, पेन मागून घेतलं आणि खाली आपलं नाव आणि फोन नंबर लिहिला. स्मशानाकडं त्या दिवशी कुणी गेलं नाही.

त्याच रात्री घरी आल्यावर सिंधूनं अमरेशला त्या सोयीचं सांगितलं. पत्रात लिहिलं आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला सांगितलं नाही, हे तिला बसमध्येच टोचायला लागलं होतं. अमरेश तारेचं टोक घासत होता. त्यानं मान वर केली नाही.

"म्हाईत व्हतं मला," तो म्हणाला. "सहीच्या दिवशी पुनम मॅडमनी मला एकट्याला इचारलं व्हतं. सगळं समजावून सांगितलं व्हतं."

सिंधू उभीच राहिली. "मंग का न्हाई बोललात?"

"तू इतकी वाळली व्हतीस," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "मला तोंड व्हतं की. मीबी सही केलीच."

सिंधूचं ओझं यानं हलकं झालं असं नाही. एवढंच झालं की आजवर ती ज्या माणसासमोर मान खाली घालून वावरत होती, तोही तिच्यासमोर तसाच वावरत होता हे तिला कळलं.

अक्षरानं शिष्यवृत्तीचा अर्ज नव्यानं भरला. कारणाच्या जागी काय लिहिलं ते तिनं दाखवलं नाही, सिंधूनंही न वाचता सही केली. ती आता महिन्यातून एकदा घरी येते. आईशी बोलते, पण बोलायच्या आधी क्षणभर थांबते. पूर्वीसारखं ते होईल की नाही, सिंधूला सांगता येत नाही.

मागच्या खेपेला ती आली तेव्हा सिंधू स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. अक्षरा दाराला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "चार दिवस तुझ्याजवळ व्हता ना. कसा व्हता गं तो?"

नऊ वर्षांत हे सिंधूला कुणी विचारलं नव्हतं. मेलेल्या लेकराचं रूप कुणी विचारत नाही. तिनं तवा खाली उतरवला. सांगायला लागली तशी आपल्याला इतकं आठवतं याचं तिलाच नवल वाटलं. दूध पिऊन झालं की त्याला उचकी लागायची, आणि उचकी लागली की तो स्वतःच दचकायचा. केस मानेपर्यंत आलेले. रडायचा कमी, कुरकुर जास्त. एक कान वरच्या बाजूनं दुमडलेला होता, ती बोटानं सरळ करायची आणि तो परत दुमडायचा. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "हे पप्पाला कधी सांगितलं?"

सांगितलं नव्हतं. अमरेशनं तर त्याला पाहिलंही नव्हतं.

सिंधू तशीच, पिठाच्या हातांनी, बाहेर त्याच्या टेबलापाशी गेली. खाली बसली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. उचकीचं सांगितलं तेव्हा अमरेशच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं. कानाचं सांगितलं तेव्हा त्यानं हातातली तार खाली ठेवली.

"कोणता कान?" त्यानं विचारलं. "उजवा का डावा?"

सिंधूनं डोळे मिटले. मांडीवरचं लेकरू डोळ्यांपुढं आणलं, त्याचं डोकं कोणत्या हातावर होतं ते आठवायचा प्रयत्न केला. अमरेश वाट बघत होता, दारात अक्षरा उभी होती.

तिला आठवेना.